रस्त्यावरची ट्रायम्फ पुन्हा चिखलात का उतरली?

चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी ट्रायम्फ आणि युरोपातल्या जंगलांतून, ओढ्यांतून शर्यतीत धावणारी ट्रायम्फ, या दोन्ही एकच का? मोटरसायकलींची आवड असलेल्या आपल्याकडच्या तरुणांना हा प्रश्न हमखास पडतो. त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो: जिचं नाव सव्वाशे वर्षं रस्त्यावरच्या गाड्यांसाठी घेतलं जातं, त्या कंपनीला अचानक चिखलात लोळायची हौस का आली?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. टाकीवरचं नाव एक, पण इंजिन, सांगाडा, चाकं यांतलं काहीही एक नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र बरंच मागे जाऊन शोधावं लागतं, कारण ही हौस अचानक आलेली नाही. ट्रायम्फ एके काळी या खेळातली मातब्बर होती. ती का होती, का मागे पडली आणि परत येताना तिला सगळं पहिल्यापासून का शिकावं लागलं, ते या प्रकरणात पाहू.

1. आधी खेळ समजून घेऊ

पुण्यात 2024 च्या जानेवारीत सुपरक्रॉसच्या लीगची फेरी झाली, ती अनेकांनी पाहिली असेल. मैदानात मातीचे उंचवटे रचतात, सगळे स्वार एका दोरीत उभे राहतात, फाटक पडलं की एकदम सुटतात. जो पहिला पोचेल तो जिंकला. हाच खेळ उघड्या डोंगरउतारावर, मोठ्या मार्गावर खेळला की त्याला मोटोक्रॉस म्हणतात. तिथे एक शर्यत साधारण अर्ध्या तासात आटोपते.

एन्ड्युरो याहून फार वेगळा प्रकार आहे. इथे दिवसाला दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापायचं असतं, आणि तेही बंदिस्त मैदानात नाही. वाट जंगलातून, शेतांच्या बांधांवरून, दगडगोट्यांच्या नाल्यातून जाते आणि मधूनच एखाद्या गावच्या डांबरी रस्त्यावर येते. त्या रस्त्यावर नेहमीची वाहतूक चालू असते. म्हणून एन्ड्युरोच्या गाडीला दिवा, हॉर्न आणि नंबरप्लेट लागते. शर्यतीतली गाडी आणि कायद्याने रस्त्यावर चालणारी गाडी अशी दोन्ही कामं तिला करावी लागतात.

स्वार एकत्र सुटत नाहीत. ठरावीक मिनिटाला ठरावीक क्रमांक सुटतो आणि वाटेत ठिकठिकाणी वेळेची तपासणी होते. एसटीचा कंडक्टर स्थानकात उतरून वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जातो आणि गाडीची वेळ नोंदवून घेतो, तसंच हे आहे. गाडी उशिरा आली तर चूक, आणि वेळेआधी नोंद केली तरी चूकच.

एक उदाहरण घेऊ. 23 क्रमांकाचा स्वार 9 वाजून 23 मिनिटांनी सुटला. पहिल्या तपासणीपर्यंत 55 मिनिटं दिली आहेत. म्हणजे त्याची नोंद 10 वाजून 18 मिनिटांनीच व्हायला हवी. तो 10 वाजून 20 मिनिटांनी पोचला तर 2 मिनिटांचा दंड बसेल. 10 वाजून 12 मिनिटांनीच पोचला, तर खिडकीबाहेर थांबायचं, आणि त्या 6 मिनिटांत साखळी ताणायची, पेट्रोल भरायचं, दोन घोट पाणी प्यायचं.

मग वेगाची कसोटी कुठे? वाटेत काही खास टप्पे असतात. दोऱ्या बांधलेल्या माळावर, जंगलात किंवा मोठमोठे दगड आणि ओंडके यांवरून ते जातात, आणि तिथे स्वाराची वेळ घड्याळावर सेकंदाच्या अंशापर्यंत मोजतात. दिवसाचा हिशेब म्हणजे या टप्प्यांची बेरीज अधिक दंड. समजा एका स्वाराने सगळे टप्पे मिळून 48 मिनिटं 10 सेकंद घेतले आणि त्याला दंड शून्य. दुसऱ्याने 47 मिनिटं 20 सेकंदच घेतले, पण टायर पंक्चर झाल्यामुळे एका तपासणीला तो मिनिटभर उशिरा पोचला. त्याची बेरीज 48 मिनिटं 20 सेकंद होते. पन्नास सेकंदांनी वेगवान असलेला हा गडी दहा सेकंदांनी मागे राहिला.

आणखी एक नियम या खेळाचा आत्मा आहे. रात्री सगळ्या गाड्या कुंपणाच्या आवारात बंद होतात. तिथे कुणी पाना लावायचा नाही. दुरुस्ती करायची ती दिलेल्या मोजक्या मिनिटांत, आणि स्वाराने स्वतःच्या हातांनी. मेकॅनिक सूचना देईल, हत्यार देईल, पण टायर स्वारच बदलणार. इंजिन, सांगाडा अशा मुख्य भागांवर आधीच खुणा केलेल्या असतात, म्हणजे कुणी गुपचूप ते बदलू शकत नाही. या प्रकारातली सर्वांत जुनी आणि मानाची स्पर्धा सहा दिवसांची आहे. ती 1913 मध्ये इंग्लंडमधल्या कार्लाइल इथे सुरू झाली. सहा दिवस एकच गाडी, एकच इंजिन. आपल्या वर्गातल्या अव्वल वेळेच्या 10 टक्क्यांच्या आत राहिलात तर सुवर्णपदक, 25 टक्क्यांच्या आत रौप्य, आणि नुसती स्पर्धा पुरी केलीत तरी कांस्य. नुसतं पुरं करण्यालाही पदक आहे, यावरूनच काम किती अवघड असेल ते कळावं.

2. ‘ट्रॉफी’ हे नाव कुठून आलं?

ट्रायम्फचा संस्थापक सिगफ्रीड बेटमन हा मूळचा जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा. इंग्लंडला येऊन त्याने सायकलींचा व्यापार सुरू केला, कॉव्हेंट्रीला कारखाना काढला आणि 1902 मध्ये पहिली मोटरसायकल बाजारात आणली. तिचं इंजिन बेल्जियमच्या मिनर्व्हा कंपनीचं होतं. 1940 च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री जाळलं, त्यात ट्रायम्फचा कारखानाही गेला. मग जवळच्या मेरिडेन गावात नवा कारखाना उभा राहिला.

युद्ध संपल्यावर तीनच वर्षांनी, 1948 मध्ये, सहा दिवसांची स्पर्धा इटलीत सान रेमोला भरली. ट्रायम्फने 500 सीसीच्या आपल्या रस्त्यावरच्या गाडीत फेरफार करून ती तिथे नेली. ॲलन जेफरीज, जिम आल्व्हज आणि बर्ट गेमर या तिघांनी सुवर्णपदकं मिळवली. ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाने त्या वर्षीची मुख्य ट्रॉफी जिंकली. त्या यशाच्या भरात कंपनीने जे नवं मॉडेल काढलं, त्याचं नाव ठेवलं ‘टीआर 5 ट्रॉफी’.

या गाडीत दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली तिच्या धातूची. सिलिंडर ओतीव लोखंडाचा न ठेवता ॲल्युमिनियमचा केला होता. तो घडवण्याचं ज्ञान युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलासाठी बनवलेल्या जनरेटरच्या इंजिनातून आलं होतं. ॲल्युमिनियम हलकं असतं आणि उष्णता लवकर सोडतं, म्हणजे चढावर तासन्‌तास रखडणाऱ्या गाडीला दुहेरी फायदा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी इंजिनाची ताकद मुद्दाम कमी ठेवली. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटण्याआधी जितकं जास्त दाबावं, तितका धक्का जोराचा बसतो. ट्रॉफीमध्ये हा दाब कमी राखला होता, कारण ओल्या गवतावर, निसरड्या मुळांवर जोराचा धक्का मागच्या चाकाला बसला की चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी पुढे जाण्याऐवजी आडवी होते. चिखलात ताकद उपयोगी पडते ती जमिनीला पेलवेल तेवढीच. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

3. एरफुर्ट, सप्टेंबर 1964

ट्रायम्फच्या चिखलातल्या इतिहासाचं सर्वांत गाजलेलं पान पूर्व जर्मनीतल्या एरफुर्टचं आहे. त्या वर्षीच्या सहा दिवसांच्या स्पर्धेला अमेरिकेचा एक संघ ट्रायम्फ घेऊन आला. संघात बड एकिन्स, त्याचा भाऊ डेव्ह एकिन्स, क्लिफ कोलमन आणि हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन होते. शीतयुद्धाचे दिवस, बर्लिनची भिंत उभी राहून तीनच वर्षं झालेली, आणि उद्घाटनाच्या संचलनात अमेरिकेचा झेंडा मॅक्वीनच्या हातात.

आदल्याच वर्षी ‘द ग्रेट एस्केप’ हा चित्रपट आला होता. युद्धकैदी मोटरसायकलवरून काटेरी तारांच्या कुंपणावरून उडी मारतो, तो प्रसंग जगभर गाजला. पडद्यावर तो कैदी मॅक्वीन असला तरी ती उडी मारली होती बड एकिन्सने, आणि जर्मन लष्कराची म्हणून दाखवलेली गाडी खरं तर ट्रायम्फ होती.

स्पर्धा पडद्यासारखी दयाळू नव्हती. तिसऱ्या दिवसापर्यंत बड एकिन्स आणि मॅक्वीन दोघेही अपघातांमुळे बाहेर पडले. डेव्ह एकिन्स आणि कोलमन मात्र टिकले आणि दोघांनी सुवर्णपदकं नेली. नटामुळे ही गोष्ट आजवर सांगितली जाते. पण जुनी जड ट्रायम्फ सहा दिवस सुखरूप शेवटाला नेणाऱ्या त्या दोघांचं काम मला मोठं वाटतं. त्यांची नावं फारशी कुणाला आठवत नाहीत, याची खंत वाटते.

4. हलक्या गाड्यांनी डाव उलटवला

एरफुर्टला मुख्य ट्रॉफी जिंकली यजमान पूर्व जर्मनीने, एमझेड या गाड्यांवर. 1963 ते 1967 अशी सलग पाच वर्षं त्यांनी ती सोडली नाही. त्यांच्यापाठोपाठ 1970 ते 1974 अशी पाच वर्षं चेकोस्लोव्हाकियाने. त्यांच्या जावा गाड्यांचं नाव आपल्याकडेही घरोघरी पोचलं होतं. म्हैसूरच्या कारखान्यात त्यांचीच भावंडं बनत होती. ब्रिटनने ही ट्रॉफी 1953 मध्ये जिंकली, त्यानंतर ती ब्रिटिश गाड्यांच्या जमान्यात परत आली नाही.

हे का झालं, ते इंजिनाच्या कामात पाहावं लागेल. ट्रायम्फचं इंजिन फोर-स्ट्रोक होतं. हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं, या चार कामांसाठी पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली जातो. म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट. एमझेड आणि जावाचं टू-स्ट्रोक इंजिन हीच कामं एकदा वर आणि एकदा खाली एवढ्यात उरकतं, म्हणून प्रत्येक फेरीला स्फोट होतो. शिवाय त्याला वाल्व्ह लागत नाहीत, कॅम लागत नाही, ते उघडमीट करणाऱ्या दांड्याही नकोत. भाग कमी, वजन कमी, आणि रस्त्याकडेला बसून उघडायलाही सोपं. स्वारानेच दुरुस्ती करायची असलेल्या खेळात या सोपेपणाची किंमत फार मोठी असते.

ट्रायम्फच्या 500 आणि 650 सीसीच्या गाड्या दीडशे किलोच्या आसपास किंवा त्याहूनही जड होत्या. खडकाळ चढावर दिवसातून दहा वेळा गाडी पडली आणि उचलावी लागली, तर प्रत्येक जास्तीचा किलो संध्याकाळी खांद्यांत जाणवतो. 1973 मध्ये सहा दिवसांची स्पर्धा पहिल्यांदाच अमेरिकेत झाली, तेव्हाही ट्रायम्फ 500 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन घेऊनच उतरली होती. तोवर खेळ पुढे निघून गेला होता.

5. मधली वर्षं

1983 मध्ये मेरिडेनचा कारखाना बंद पडला. घरं बांधण्याच्या व्यवसायातल्या जॉन ब्लूर यांनी ट्रायम्फचं नाव आणि हक्क विकत घेतले, हिंकले गावात नवा कारखाना उभारला आणि 1991 पासून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. पण त्या रस्त्यावरच्याच, पुढे लांबच्या भटकंतीच्याही. निव्वळ चिखलातल्या शर्यतीसाठी त्यांत काही नव्हतं.

6. परत यायचं, पण कोणत्या वाटेने?

ट्रायम्फपुढे सोपी वाट होती. दुसऱ्या कुणाची तयार गाडी घ्यायची, तिला आपला रंग आणि आपलं नाव द्यायचं. मोटरसायकलींच्या धंद्यात असं खूप चालतं, आणि जुन्या नावाच्या पुण्याईवर चार गाड्या खपतातही. ट्रायम्फने ते केलं नाही, आणि म्हणूनच हे पुनरागमन एका प्रकरणाच्या मोलाचं आहे.

2021 च्या जुलैमध्ये कंपनीने जाहीर केलं की मोटोक्रॉस आणि एन्ड्युरो या दोन्हींसाठी गाड्या पहिल्यापासून स्वतः घडवणार. मदतीला दोन माणसं घेतली. एक अमेरिकेतला मोटोक्रॉसचा महान स्वार रिकी कारमायकल, दुसरा स्पेनचा इव्हान सर्व्हान्तेस, एन्ड्युरोचा पाच वेळचा विश्वविजेता. एक वेगाचा जाणकार, दुसरा टिकण्याचा. ही निवड मला फार समंजस वाटते.

आधी आली मोटोक्रॉसची ‘टीएफ 250-एक्स’, 2023 च्या अखेरीस. 2024 च्या मोसमात ती जागतिक आणि अमेरिकी स्पर्धांत धावली. तिच्यामागून 450 सीसीची आली, आणि मग 2025 च्या गाड्या म्हणून ‘टीएफ 250-ई’ आणि ‘टीएफ 450-ई’ या दोन एन्ड्युरोच्या गाड्या. बंदिस्त स्टेडियममधल्या सुपरएन्ड्युरोसाठी कंपनीने जॉनी वॉकरला घेतलं. ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गच्या खाणीत होणारी भयंकर अवघड शर्यत त्याने तीनदा जिंकली आहे.

इंजिन फोर-स्ट्रोकच, पण 1964 च्या इंजिनाशी त्याचं काही नातं नाही. जुनं 650 सीसीचं इंजिन चाळीसेक अश्वशक्ती देई. आजचं 250 सीसीचं एन्ड्युरो इंजिन जवळपास तेवढीच देतं, सुमारे 42. हे कसं साधतं? मिनिटाला किती हवा पोटात जाते ते मोजू. फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. जुनं इंजिन मिनिटाला 6,500 फेऱ्या घेत असेल तर 3,250 श्वास, प्रत्येकी 650 सीसी, म्हणजे सुमारे 2,100 लिटर हवा. नवं 12,000 फेऱ्या घेतं असं धरलं तर 6,000 श्वास, प्रत्येकी 250 सीसी, म्हणजे 1,500 लिटर. लहान पोटाने भराभर श्वास घेऊन बरंचसं अंतर भरून काढलं. उरलेलं भरून निघतं ते मिश्रण अधिक दाबून पेटवण्याने आणि सिलिंडर अधिक नीट भरण्याने. आणि गाडीचं वजन? सुमारे 114 किलो. टू-स्ट्रोकने हिसकावलेला हलकेपणा फोर-स्ट्रोकने असा परत मिळवला.

7. मोटोक्रॉसची गाडी एन्ड्युरोला का चालत नाही?

दोन्हींना 250 सीसीचं इंजिन, दोन्हींना ॲल्युमिनियमचा सांगाडा, मग 250-एक्सला दिवे लावले की झालं, असं वाटेल. तसं होत नाही.

मोटोक्रॉसच्या 250-एक्सची ताकद सुमारे 47 अश्वशक्ती आणि वजन सुमारे 104 किलो. एन्ड्युरोची 250-ई पाच अश्वशक्तींनी दुबळी आणि दहा किलोंनी जड. 75 किलोचा स्वार बसवला तर पहिलीत दर अश्वशक्तीला 3.8 किलो ओढायचे, दुसरीत 4.5 किलो. कागदावर एन्ड्युरोची गाडी हरलेली दिसते.

पण ‘ट्रॉफी’चं सूत्र आठवा. ओल्या मुळांवर जोर हळूहळू चढावा लागतो. म्हणून एन्ड्युरोच्या इंजिनात सर्वांत वरची ताकद थोडी सोडून देऊन खालच्या फेऱ्यांतला ओढा वाढवतात. गिअर पाचांऐवजी सहा असतात. पहिला इतका खालचा की चालण्याच्या वेगाने दगडांतून जाता यावं, आणि सहावा इतका वरचा की दोन टप्प्यांमधल्या डांबरी रस्त्यावर इंजिन किंचाळू नये. मागचं चाक 19 ऐवजी 18 इंचांचं असतं. बाहेरून टायर साधारण तेवढाच उंच राहतो, म्हणजे त्याची बाजूची भिंत जाड होते आणि टोकदार दगडाचा दणका रिमपर्यंत पोचण्याआधी तीच झेलते. सस्पेन्शन मऊ असतं, कारण मोठ्या उडीपेक्षा हजारो लहान दणके पचवायचे असतात. वाढलेल्या वजनात दिवे, स्टँड, आवाज कोंडणारा मोठा सायलेन्सर असं सगळं येतं. यातलं प्रत्येक सामान वेग कमी करतं आणि गाडीला सहाव्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत नेतं.

या मैदानात ऑस्ट्रियाची केटीएम, स्वीडनमध्ये जन्मलेली हुस्कवर्ना, इटलीची बीटा, फ्रान्सची शेर्को अशा कंपन्या वर्षानुवर्षं मुरलेल्या आहेत. त्यांच्यापुढे ट्रायम्फचं जुनं नाव पहिल्या तपासणीपर्यंतही पुरणार नाही. तिला तिथे उभं राहायचं तर याच तपशिलांच्या बळावर.

8. आणि चाकणची ट्रायम्फ?

बजाज ऑटो आणि ट्रायम्फ यांची भागीदारी 2020 च्या जानेवारीत पक्की झाली. 2023 मध्ये ‘स्पीड 400’ आणि पाठोपाठ ‘स्क्रॅम्बलर 400 एक्स’ आली. स्क्रॅम्बलर उंच आहे, तिचं पुढचं चाक मोठं आहे, हँडलवर आडवा दांडा आहे. तिला पाहून एन्ड्युरोची आठवण होणं साहजिक आहे. तिची ताकद 40 अश्वशक्ती, म्हणजे 250-ईच्या जवळपास. पण वजन 180 किलोंच्या आसपास, म्हणजे साठहून अधिक किलोंनी जास्त.

त्या वजनाला कमीपणा मानू नये. स्क्रॅम्बलर रोज कामावर नेण्यासाठी, मागे माणूस बसवण्यासाठी आणि वर्षानुवर्षं कमी देखभालीत चालण्यासाठी केली आहे. तिच्या सर्व्हिसचा हिशेब हजारो किलोमीटरांत होतो. टीएफ गाड्यांचा हिशेब तासांत होतो. इंजिन किती तास चाललं ते पाहून तेल बदलायचं, पुढे पिस्टनही तपासायचा. रोज ऑफिसला नेणाऱ्याला तो हिशेब परवडणार नाही.

तेव्हा स्क्रॅम्बलर घेऊन मावळातल्या कच्च्या रस्त्यांवर खुशाल जा, ती त्यासाठीच आहे. तिच्याकडून उड्यांची आणि नाल्यांतल्या खडकांची अपेक्षा मात्र करू नका. आणि एन्ड्युरोची ओढ लागलीच असेल, तर महागड्या गाडीच्या आधी दोन गोष्टी शिका: पडलेली गाडी एकट्याने उचलणं आणि स्वतःच्या हाताने टायर बदलणं. स्पर्धेत त्या तुमच्यासाठी दुसरं कुणी करणार नाही.